चार वीत

हमरस्त्याकडेला आमच्या दोन टपऱ्या.
माझ्याकडे दालचिनीचा गोड पाव,
नाझिब्रोलाकडे मातीचे पेले, चंबू, बुडकुल्या.
बाटुमीला जाणारे ट्रकवाले थांबतात,
पाव घेतात,
पेला उचलून बघतात, ठेवून देतात.

तिच्या बापानं जन्मभर क्वेव्री घडवल्या.
माणूसभर उंचीचे रांजण, बुडाशी निमुळते,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे;
आत द्राक्षांचा रस
हिवाळाभर स्वतःशीच पुटपुटत बसतो.
त्याचा एकही रांजण कधी फुटला नाही,
असं अख्खं इमेरेती सांगतं.
तो गेला त्याला अकरा वर्षं झाली.
आवा तसाच आहे. आव्यात कोंबड्या.

पुढच्या वसंतात, ती म्हणायची.
वसंत यायचा, ती पेले करायची.
पेला फुटला तर फुटला,
दोन लारींचं नुकसान,
कुत्रंसुद्धा मान वर करत नाही.
रांजणाला मात्र तीन महिने लागतात
आणि तडा जायला एक रात्र.
"मला तो आवाज ऐकू येतो," म्हणायची,
"अजून माती कालवली नाही, तरी येतो."
मी हसायचो नाही.
माझ्याही खाटेखाली एक अकॉर्डियन आहे.
त्याबद्दल पुन्हा कधी.

फेब्रुवारीत एक कोंबडी आव्यात पार मागं जाऊन बसली.
नाझिब्रोला रांगत आत गेली.
बराच वेळ बाहेर येईना.
मग आली : केसांत राख,
एका हातात अंडं, दुसऱ्यात खापरी.
"मागची सगळी जमीन यांनीच फरसबंद केलीय.
गळे, खांदे, बुडं. सतरा मोजले, पुढं अंधार होता."
तिथंच चिखलात बसली.
"मुलीला शिकवलं नाही म्हणून
इतकी वर्षं मी खापर बापावर फोडत आले.
आणि म्हाताऱ्यानं खापरं इथं लपवली!"
अंडं तिनं मला दिलं.
खापरी ठेवून घेतली.

मार्चपासून माती.
रोज एक वळी, चार बोटं उंची,
उलट्या पावलांनी रांजणाभोवती फिरत.
कुणी पत्ता विचारला तरी फेरी मोडत नसे,
चालता चालता हनुवटीनं रस्ता दाखवी.
भाऊ ओतिया येऊन म्हणाला,
इथं टायरचं दुकान टाकलं असतं.
ती म्हणाली, सरक, वाटेत उभा आहेस.
गुडघ्यांना कोबीची पानं बांधून
एप्रिल, मे.
रांजण तिच्या छातीशी आला, मग कपाळाशी,
मग तिला शिडी लागली.

जूनमध्ये आव्याचं तोंड विटांनी लिंपलं.
सात दिवस, सात रात्री जाळ.
लाकडं मी दिली, जागलो आळीपाळीनं.
पाचव्या रात्री आतून आवाज आला.

अकरा वर्षं तिनं कानात पाळलेला तो आवाज,
मला वाटलं होतं, डोंगर उलेल.
अक्रोड फुटावा, तेवढाच होता.
मी तिच्याकडे बघितलं.
ती विस्तवाकडे बघत होती.
"हा?" म्हणाली. "हा होय?"
आणि आणखी एक ओंडका आत सारला,
कारण अजून दोन रात्री बाकी होत्या.

थंड झाल्यावर विटा काढल्या.
खांद्याखाली तडा, विजेसारखा नाही काही,
म्हातारीच्या भुवईसारखा, तिरका, बारीक.
शेजारपाजारचे जमले,
कुणाला काय बोलावं कळेना,
म्हणून सगळ्यांनी माझा पाव विकत घेतला.
तिनं नळी लावून रांजणात पाणी सोडलं.
पाणी चढत गेलं, तड्याशी आलं,
आणि तिथून शांतपणे बाहेर.
नाझिब्रोलानं बाहेरून हात टेकून मोजलं,
बुडापासून वर.
"चार वीत तरी धरतो," म्हणाली.
"चवथ्या वितीला माती पातळ पडली. घाई केली मी तिथं,
ओतिया आला होता त्या दिवशी."

तो रांजण आता रस्त्याकडेला आडवा आहे.
आत कुत्रीनं पिल्लं घातलीत.
ट्रकवाले किंमत विचारतात, ती सांगत नाही;
हात कोपरापर्यंत मातीत असतात.

काल रात्री खाट सरकवली.
धूळ पुसली. एक पट्टी दाबली.
रेड्यासारखा हंबरला तो.
पलीकडून तिनं खिडकी उघडली,
बंद केली नाही.